एअर घेतलीय

आमच्या तळघरात तीन टाक्या आहेत. उभ्या, काळ्या, रस्त्याकडच्या भिंतीला पाठ लावून ओळीनं ठेवलेल्या. प्रत्येकीत २७५ गॅलन, म्हणजे हजार लिटरहून थोडं जास्त तेल मावतं. घर वूस्टरमधलं, मॅसॅच्युसेट्स राज्यातलं. इथे ज्याला थ्री-डेकर म्हणतात तसलं, एकावर एक तीन बिऱ्हाडांचं लाकडी घर. तीन बिऱ्हाडांच्या तीन टाक्या, तीन बॉयलर, तीन बर्नर. तळमजल्यावर आम्ही भाड्यानं राहतो, मधल्या मजल्यावर एक विद्यार्थी जोडपं आणि सगळ्यात वर घरमालकीण.

घर तेलावर गरम करतात हे भारतातल्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. पण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात हा प्रकार अजून जोरात आहे. मेन राज्यात तर निम्म्याहून जास्त घरं तेलावर तापतात. हे तेल म्हणजे जवळपास डिझेलच. फक्त त्यात लाल रंग मिसळलेला असतो, रस्त्याचा कर न भरता कोणी ते ट्रकमध्ये ओतू नये म्हणून. रेशनचं रॉकेल निळं असायचं, त्यातलाच हा प्रकार. माझ्या वडिलांना, अप्पांना, हे सांगितल्यावर त्यांना इथलं सरकार एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

आई-अप्पा आले होते बाळंतपणासाठी. डिसेंबरच्या मध्यात मुलगी झाली. आईला दिवसभर काम होतं आणि ती त्यात रमली होती. अप्पांना काहीच काम नव्हतं. बाहेर बर्फ, टीव्हीवर इंग्रजी, आणि नात दिवसातले अठरा तास झोपलेली. त्यामुळे ते तळघरात जाऊन बसायचे. बॉयलरपाशी ऊब असायची आणि यंत्र चालताना बघायला मिळायचं. सांगली जिल्ह्यात, पलूसच्या बाजूला आमची शेती आहे. वीज वेळेवर यायला लागायच्या आधी विहिरीवर डिझेल इंजिन होतं आणि ते अप्पांच्याच हातात असायचं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी घर गार पडलं. थर्मोस्टॅट ७० फॅरनहाइट मागत होता आणि काटा ६१ वर होता. मी खाली गेलो तर बर्नरवरचं लाल बटण वर आलेलं. अप्पा मागोमाग आले. मी बटण एकदा दाबलं. मोटर सुरू झाली, पंपातून बारीक किंकाळीसारखा आवाज आला, ज्योत पेटली, फडफडली, विझली. थोड्या वेळानं सगळंच बंद. अप्पा म्हणाले, "एअर घेतलीय."

त्यांना ते आवाजावरून कळलं, आणि निदान म्हणून ते शंभर टक्के बरोबर होतं. पण त्यानंतरचे चार आठवडे आम्ही गार घरात काढले, कारण 'एअर घेतलीय' हे उत्तर नसतं, तिथून फक्त प्रश्न सुरू होतो. हवा आली कुठून?

हा बर्नर चालतो कसा ते थोडक्यात सांगतो. मोटर एकाच दांड्यावर पंखा आणि तेलाचा पंप फिरवते. पंप टाकीतून तेल ओढतो आणि दर चौरस इंचाला १०० पौंड किंवा त्याहून जास्त दाबानं नोझलमधून बाहेर फेकतो. नोझलचं भोक इतकं बारीक की तासाला एक गॅलनसुद्धा तेल जात नाही, पण जातं ते धुक्यासारखं. दोन इलेक्ट्रोडमधली दहा हजार व्होल्टांची ठिणगी ते पेटवते. समोर कॅडमियम सल्फाइडचा एक छोटा 'डोळा' ज्योतीकडे बघत असतो. त्याला ठराविक सेकंदांत उजेड दिसला नाही तर कंट्रोल बर्नर बंद करतो आणि लाल बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू होऊ देत नाही. हे बटण वारंवार दाबायचं नसतं. प्रत्येक प्रयत्नात न जळलेलं तेल आत साचतं, आणि शेवटी एकदा पेटलं की ते सगळं एकदम पेटतं. इथे त्याला पफबॅक म्हणतात. काजळी घरभर होते, आणि तेवढ्यावर निभावलं तर नशीब.

पंपात तेलाऐवजी हवेचा फुगा आला की दाब पडतो, फवारा तुटतो, ज्योत जाते. छोटे बुडबुडे असले तर ज्योत तगते, पण दुसरा त्रास होतो. पंप आणि नोझल यांच्यामधल्या नळीत हवा दाबली जाऊन अडकते. बर्नर बंद झाला की ती फुगते आणि नोझलमधून थेंब थेंब तेल बाहेर ढकलते. मग बंद होताना गुरगुर आणि घरात वास. आई आल्यापासून म्हणत होती की घरात एसटी स्टँडचा वास येतो. आम्हाला वाटायचं तिला आलेल्या दिवसापासून इथलं काहीच आवडत नाही.

तेल पुरवणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक आला. त्यानं पंपावरच्या ब्लीडर स्क्रूला पारदर्शक नळी जोडली, स्क्रू सैल केला, बर्नर सुरू केला. आधी गुलाबी फेस आला, मग बुडबुडे, मग अखंड लाल धार. स्क्रू आवळला, ज्योत लागली. फिल्टर बदलला आणि गेला. अप्पा खूश. त्यांच्या इंजिनाचीही एअर अशीच काढायची असायची. फिल्टरचा स्क्रू सैल करायचा, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत थांबायचं, मग नोझलची नट सैल करून हँडल मारायचं. त्यांनी मला हे सगळं हातवारे करून दाखवलं आणि शेवटी, याला एवढे पैसे कशाला, पाना दे मी करतो, असं म्हणाले. पाना दिला नाही. या राज्यात ऑइल बर्नरवर काम करायला सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि मी भाडेकरू.

सहा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी दुसरा मेकॅनिक. नोझल बदललं, पंपातली जाळी आणि तिचं गॅस्केट बदललं, हवा काढली, गेला. दुसऱ्याच दिवशी तेलाचा ट्रक येऊन १०० गॅलन ओतून गेला. त्यानंतर जवळपास दोन आठवडे काहीच झालं नाही, त्यामुळे जाळीच खराब होती असं सगळ्यांचं मत पडलं. महिना सरत आला तसा पाच दिवसांत बर्नर तीनदा बंद पडला.

पैशांचं सांगायला हवं. तेलाचे पैसे आम्ही द्यायचे आणि दुरुस्तीचे घरमालकिणीनं, असा करार. त्या हिवाळ्यात तेल गॅलनला चार डॉलरच्या वर होतं. ती पेन्शनवर जगणारी बाई. दर फेरीचं बिल तिच्या नावानं येत होतं आणि दर फेरीला यंत्र तिच्यासमोर व्यवस्थित चालू होत होतं. तिला वाटायला लागलं की आम्ही काहीतरी करतोय. तळघरात सतत बसणारा म्हातारा तिनंही पाहिला होता. एकदा जिन्यात तिनं विचारलं की तुमचे वडील खाली नक्की काय करतात. मी म्हणालो, बघतात. हे ऐकून तिचं समाधान झालं नाही, आणि मी तिच्या जागी असतो तर माझंही झालं नसतं. आमच्या बाजूनं आम्हाला वाटत होतं की ती स्वस्तात भागवतेय. बाळ पाच-सहा आठवड्यांचं. आई तिला रोज दहाच्या सुमाराला तेल लावून आंघोळ घालायची. पाण्याचा गीझर विजेवरचा असल्यानं पाणी कडक, आणि खोलीत मात्र नाकाचा शेंडा गार. एका सकाळी आईनं आंघोळ घातली नाही, नुसतं पुसून घेतलं आणि कोणाशी बोलली नाही.

अप्पा मात्र चक्रावले होते. एअर काढून झाल्यावर ती परत येते म्हणजे कुठेतरी गळती असली पाहिजे हे त्यांना मान्य होतं. त्यांनी टॉर्च घेऊन टाकीपासून बर्नरपर्यंत सगळी नळी बोटानं चाचपली. "कुठंच ओलं नाही. गळत असतं तर थेंब तरी दिसला असता का नाही?"

इथे अडलो आम्ही दोघंही. नंतर कळलं की मेकॅनिक लोकही इथेच अडतात. अप्पांच्या इंजिनाची डिझेल टाकी इंजिनाच्या वर होती. तेल वजनानं खाली यायचं, त्यामुळे जिथे सांधा सैल तिथे डिझेल बाहेर, आणि त्यावर धूळ बसून काळा डाग. गळती स्वतःची जागा स्वतःच दाखवायची. आमच्या तळघरातली नळी तशी नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये २०११ पासून कायदा आहे की घरातल्या तेलाच्या नळीला संरक्षक आवरण तरी हवं किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह तरी. आधीची नळी जमिनीतल्या काँक्रीटमधून जात असे. तेल कुठे मुरलं तर वर्षानुवर्षं कळायचं नाही आणि मग जमीन साफ करण्याचा खर्च घर विकायला लावणारा. मालकिणीनं तेव्हा नवी नळी घालून घेतली. नारिंगी प्लास्टिकच्या आवरणातली तांब्याची नळी, टाकीच्या वरच्या तोंडातून काढलेली, छताला धरून नेलेली, बॉयलरपाशी खाली उतरवलेली. जास्त सुरक्षित, यात वाद नाही. पण छताजवळच्या त्या भागात तेल आता वातावरणाच्या दाबापेक्षा कमी दाबावर असतं. तिथे भोक पडलं तर तेल बाहेर येतच नाही. हवा आत जाते. एक थेंब नाही, डाग नाही, वास नाही.

मी हे कागदावर आकृती काढून अप्पांना सांगितलं. ते बराच वेळ आकृतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग ही डिझेलची लाइन नव्हे. ही विहिरीची सक्शन आहे."

हे वाक्य मला सुचायला हवं होतं, इंजिनिअरिंगची डिग्री माझ्याकडे आहे. विहिरीवरचा पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर पंप फक्त नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. म्हणून तर कितीही मोठा पंप आणला तरी दहा मीटरच्या वर पाणी चढत नाही. सतराव्या शतकात गॅलिलिओला हे कोडं पडलं होतं, आणि त्याच्या मागून टोरिचेल्लीनं १६४३ साली पाऱ्याची नळी उलटी करून ते सोडवलं. पलूसकडे हे कोणी वाचलेलं नसतं, पण पंप विहिरीत खाली कट्ट्यावर बसवायचा हे सगळ्यांना माहीत असतं. आणि सक्शनच्या पाइपात कुठे वायसर ढिला झाला तर बाहेर पाणी दिसत नाही, पंप नुसता घुंइंऽ करत राहतो, हेही. तिथे शेणकाला ओततात किंवा सांध्याला शेण थापतात. हवा आत ओढली जाताना शेणच भोकात बसतं. वूस्टरमध्ये शेण मिळवणं अवघड होतं.

माझा वाटा वेगळा होता. दुसऱ्यांदा बंद पडल्यापासून मी एक स्प्रेडशीट ठेवली होती. सवयच ती. एखादा बग कधी येतो कधी नाही असा असला की आधी त्याचं वेळापत्रक लिहायचं, कारण तो कधी येत नाही हे बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतं. कधी बंद पडला, त्याआधी किती वेळ शांत होता, बाहेरचं तापमान, टाकीवरच्या गेजचा आकडा. अवघ्या पाच ओळी भरल्या होत्या, पण त्या विचित्र होत्या. बर्नर कडक थंडीत एकदाही बंद पडला नव्हता. पाचही वेळा सकाळी, पाचही वेळा आदल्या रात्री बाहेर उबदार हवा. तो जानेवारी मॅसॅच्युसेट्ससाठी नोंदीतला सर्वांत उबदार जानेवारी ठरला हे नंतर जाहीर झालं. शिवाय पाचही वेळा टाकी अर्ध्याच्या खाली.

आकृतीसमोर ठेवल्यावर दोन्ही गोष्टींचा अर्थ लागला. रात्री आम्ही थर्मोस्टॅट ६४ वर आणायचो. बाहेर उबदार असलं की बॉयलर सहा-सहा तास लागायचाच नाही. तेवढ्या वेळात छताजवळच्या भोकातून हवा हळूहळू आत जाऊन साचायची आणि तितकं तेल टाकीकडे मागे सरकायचं. सकाळी पंप सुरू झाला की तो अख्खा फुगा एकदम त्याच्या तोंडी. थंडीत बर्नर दर अर्ध्या तासाला लागतो, त्यामुळे तीच हवा चिमटी-चिमटीनं नोझलमधून निघून जाते; आईला येणारा वास तो हाच. आणि टाकीची पातळी? तेल एक फूट उचलायला पाऱ्याचा साधारण पाऊण इंच ओढ लागते. नळी छतापाशी सात फुटांवर. टाकी भरलेली असताना वर अडीच इंचांची ओढ, तळाला गेली की साडेचार-पाच. भोक तेच, पण ओढ जवळजवळ दुप्पट. म्हणजे दुसऱ्या मेकॅनिकनं बदललेल्या जाळीनं काही केलं नव्हतं. घर दोन आठवडे चाललं ते दुसऱ्या दिवशी आलेल्या ट्रकमुळे.

कंपनीनं फोनवर टायगरलूप बसवायचं सुचवलं. स्वीडनमध्ये बनणारं हे एक छोटं पारदर्शक भांडं. बर्नरजवळ बसवायचं, तेल त्यातून फिरतं, हवा वर निघून जाते आणि पंपाला फक्त तेल मिळतं. चांगली वस्तू आहे, लांबून किंवा खोलातून तेल ओढायचं असेल तर हवीच. पण इथे ती बसवणं म्हणजे आम्ही ऑफिसात 'फेल झालं तर पुन्हा प्रयत्न कर' अशी ओळ टाकून तिकीट बंद करतो तसलं काम. वर्ष-दोन वर्षं निघतात. भोक तिथेच राहतं आणि मोठं होतं. मालकिणीनं ते नाकारलं, माझ्या तर्कासाठी नव्हे, किमतीसाठी. आणि तिनं आपल्या ओळखीचा, स्वतंत्रपणे काम करणारा एक साठीचा मेकॅनिक बोलावला.

तो गुरुवारी आला, २ फेब्रुवारीला. शुक्रवार रात्र ते शनिवार सकाळ या वेळेसाठी हवामान खात्यानं इशारा दिला होता आणि शहरात सगळे त्याबद्दलच बोलत होते. माझ्या तर्कानुसार अशा थंडीत आमचा बर्नर उलट नीट चालला असता. पण सहा आठवड्यांच्या बाळावर तर्काची परीक्षा कोण घेणार. शिवाय घर एक रात्र बंद राहिलं तर भिंतीतल्या पाण्याच्या नळ्या फुटतात.

त्यानं यंत्राला हात लावायच्या आधी विचारलं, कधी बंद पडतं? मी कागद दिला. त्यानं तो वाचला, टाकीकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि "हं" म्हणाला. मग गाडीतून पाच गॅलनचा तेलाचा डबा आणला, छताची नळी सोडवली आणि बर्नर थेट डब्यावर लावला. पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा. तासभर चालवला, एक बुडबुडा नाही. म्हणजे पंप, नोझल, सगळं निर्दोष. पुन्हा छताच्या नळीवर जोडला, तर पारदर्शक तुकड्यात साबुदाण्यासारखे बुडबुडे. अप्पांनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

मग व्हॅक्यूम गेज. फिल्टरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून पंपानं ओढ निर्माण केली आणि थांबवली. काटा हलला नाही. फिल्टरपासून पुढचं ठीक. मग टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद करून तेच. काटा डोळ्यांदेखत खाली यायला लागला. म्हणजे दोष मधल्या वीस-बावीस फुटांत. आमच्याकडे याला बायसेक्ट म्हणतात, पण तो कॉम्प्युटरवर करताना हात काळे होत नाहीत. त्या वीस फुटांत सांधे फक्त दोन, टाकीच्या तोंडावरचा आणि छतावर दोन तुकडे जोडणारा. छतावरच्याला त्यानं दाढीचा फेस फासला आणि पुन्हा ओढ दिली. आम्ही तिघंही माना वर करून उभे. फेसात टाचणीएवढा खळगा पडला.

अप्पा म्हणाले, "शेण." मी भाषांतर केलं. तो माणूस इतका हसला की शिडीवरून उतरून खाली बसला.

नट सोडली तर तांब्याच्या नळीचं पसरवलेलं तोंड, ज्याला फ्लेअर म्हणतात, त्याला केसाएवढी चीर होती. नट गरजेपेक्षा जास्त आवळली की तांबं पातळ होतं आणि मग चिरतं. कोणी आवळली, कधी, कळायला मार्ग नाही. शेजारून गरम पाण्याचा पाइप जातो, त्याच्या तापण्या-निवण्यानंही भर घातली असेल. त्यानं तेवढा तुकडा कापला, नवा फ्लेअर काढला, जोडला. काटा पंधरा मिनिटं एका जागी. एकूण काम अडीच तास, त्यातली दुरुस्ती वीस मिनिटांची. कापलेला तुकडा अप्पांनी मागून घेतला.

शनिवारी पहाटे बॉस्टनच्या विमानतळावर उणे १० फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे उणे २३ सेल्सियस. आम्ही समुद्रापासून दूर आणि उंचावर, त्यामुळे आमच्याकडे आणखी वाईट. बर्नर जेमतेम थांबत होता. बंद होताना गुरगुर नव्हती. आईनं दहा वाजता आंघोळ घातली.

सोमवारी मेकॅनिक बिल द्यायला आणि एकदा काटा बघायला आला. आमचा जागेवर होता. मालकीणही खाली आली होती, तिनं अप्पांना हात हलवून नमस्कारासारखं काही केलं. मग ती म्हणाली, आलाच आहेस तर बाकीच्या दोन्हीही बघ, तिन्ही नळ्या एकाच वेळी घातल्या होत्या. मधल्या मजल्याचा काटा स्थिर राहिला. तिच्या स्वतःच्या नळीचा हळूहळू, पण न थांबता, खाली आला. तिचा विश्वास बसेना. बारा वर्षांत तिचा बर्नर एकदाही बंद पडला नव्हता. अप्पांनी तिच्या टाकीवरचं गेज बोटानं दाखवलं. ती दर उन्हाळ्यात भाव उतरला की तेल घेऊन ठेवते आणि हिवाळाभर टाकी पाऊण भरलेली असते.